फॉल्ट झोन: होय

गेल्या महिन्यात आमचं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं घर विकलं. सह्यांच्या गठ्ठ्यात नॅचरल हॅझर्ड डिस्क्लोजरचा, म्हणजे घराला कुठल्या नैसर्गिक आपत्तीचा धोका आहे ते सांगणारा, फॉर्म होता. सहा प्रश्न, घर पुराच्या झोनमध्ये आहे का, धरण फुटलं तर पाणी येईल का, दोन वणव्याचे, दोन भूकंपाचे. आमचं फॉल्टला, म्हणजे जमिनीतल्या भूकंपाच्या भेगेला, "होय". हेवर्ड फॉल्ट फ्रीमाँटच्या मधूनच जातो, १८६८ ला त्यावर मोठा भूकंप झालाय आणि अजूनही जमीन हळूहळू सरकतेय, काही ठिकाणी फुटपाथची कड वाकलेली डोळ्यांना दिसते.

खरं सांगते, सही करताना हात थांबला, वाटलं आता भाव पाडून मागणार. पण कॅलिफोर्नियात १९९८ पासून हा फॉर्म द्यावाच लागतो, ऑफर दिल्यानंतर हातात ठेवला तर घेणाऱ्याला तीन दिवसांत व्यवहार मोडता येतो. घेणाऱ्या जोडप्याने एवढंच विचारलं, घर फाउंडेशनला बोल्टने बांधलंय का? आम्ही करून घेतलं होतं, पावती दाखवली, भूकंपाचा विमा वेगळा घ्यावा लागतो तेही सांगितलं. घेतलं त्यांनी घर.

आणि त्याच आठवड्यात पुण्यात दादा सिंहगड रोडला रिसेल फ्लॅट बघत होता. एजंट म्हणे "इथे पुराचं पाणी येत नाही साहेब". अहो जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा तिथल्या एकतानगरीत लोकांना बोटीने बाहेर काढलं! मी म्हटलं दादा टोकन देऊ नकोस, आधी जाऊन बघ. गेला तर पार्किंगला नवा रंग, वॉचमनला विचारलं तर त्याने छातीपाशी हात नेऊन दाखवला.

आपल्याकडे कायदाच नाही असं नाहीये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे, घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण पूररेषा तर नकाशात असते, मग "तुम्हीच बघायचं होतं" म्हणायला मोकळे. कॅलिफोर्नियातले नकाशेही सगळ्यांना खुले आहेत, तरी सांगायची जबाबदारी विकणाऱ्याचीच, मला हाच फरक फार मोठा वाटतो.

ज्या विकणाऱ्याची आयुष्यभराची कमाई त्या फ्लॅटमध्ये अडकलीय त्याने काय करायचं, असं वहिनी म्हणाली. कळतं मला, मीही त्याच जागी होते. पण गप्प राहून विकलं की तेच नुकसान पुढच्या कुटुंबाच्या गळ्यात पडतं, आणि त्यांना तर माहीतही नसतं.

करारनाम्याला एक पान जोडा एवढंच म्हणणं आहे. निळ्या रेषेत, म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुरात, होय की नाही. लाल रेषेत, १०० वर्षांच्या, होय की नाही. आजवर पाणी कुठपर्यंत आलं. खाली विकणाऱ्याची सही, टोकन देण्याच्या आधी.