क्लॅन म्हणजे चार अडाणी गावगुंड? नाही हो

परवापासून तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मेसेज आलाय, अमेरिकेतल्या कु क्लक्स क्लॅन ह्या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेबद्दल. सार असं की क्लॅन म्हणजे दक्षिणेतल्या गरीब अडाणी गोऱ्यांची छोटीशी टोळी, राग काय तो फक्त काळ्या लोकांवर, शिकल्यासवरल्यांचा संबंध नाही, पेपरवाल्यांनी भांडं फोडलं आणि विषय संपला. वर आपल्याला खूश करायला एक वाक्य, की भारतीयांना तर ते लोक आर्य म्हणून मानच द्यायचे. ह्यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे, म्हणून एकेक घेतो.

आधी दक्षिणेचं बघू. लोक दोन वेगळ्या क्लॅनची खिचडी करतात. पहिली यादवी युद्धानंतर टेनेसीत निघाली, ती 1871 च्या आसपास राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या सरकारने कायदे करून मोडली. दुसरी सुरू झाली नोव्हेंबर 1915 मध्ये, अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर, विल्यम सिमन्स नावाच्या माजी पाद्र्याने पंधराएक माणसं जमवून. त्याच वर्षी 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा गाजत होता, व्हाइट हाउसमध्येसुद्धा दाखवला गेला होता, आणि तो जळता क्रॉस जो आपण फोटोत बघतो तो पहिल्या क्लॅनने कधी जाळलाच नव्हता, तो कादंबरी-सिनेमातून उचललेला! म्हणजे 'आमची जुनी परंपरा' जी म्हणतात ती थेटरातून आली. असो. जन्म दक्षिणेत झाला हे खरं, पण 1920 नंतर ही दुसरी क्लॅन फोफावली कुठे, तर दक्षिणेबाहेरच्या इंडियाना, कोलोरॅडो, ओरेगॉन ह्या राज्यांतसुद्धा. इंडियानात साधारण अडीच लाख सभासद होते, म्हणजे तिथल्या, अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांपैकी दर तिघा-चौघांत एक. छोटी टोळी म्हणे.

अडाणी? 1922 मध्ये सिमन्सला बाजूला सारून जो प्रमुख झाला तो हायरम इव्हान्स डॅलसचा डेंटिस्ट होता. सभासदांत वकील, दुकानदार, कारकून, आणि पाद्री तर भरपूर, त्यांना फीसुद्धा माफ असायची कारण पाद्री आला की मागोमाग अख्खं चर्च येतं. बायकांची वेगळी संघटना 1923 पासून. आणि हे सगळं वाढलं कसं तर चक्क चेन मार्केटिंगसारखं. 1920 मध्ये सिमन्सने एडवर्ड क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर ह्या जाहिरातवाल्या जोडगोळीला काम दिलं, प्रवेश फी दहा डॉलर, त्यातले चार माणूस आणणाऱ्याच्या खिशात, उरलेले वरच्या पायऱ्यांवर वाटून, झगासुद्धा संघटनेकडूनच विकत घ्यायचा. आपल्याकडे साबण नि पावडरी विकायला घरी येणारे आठवले ना? तसंच, फक्त माल द्वेषाचा. आणि लपूनछपून वगैरे काही नाही, ऑगस्ट 1925 मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यावर हजारोंचा मोर्चा निघाला, झगे घालून, पण चेहरे उघडे.

राजकारणात तर विचारूच नका. 1924 मध्ये इंडियानात एड जॅक्सन आणि कोलोरॅडोत क्लॅरन्स मॉर्ली असे दोन गव्हर्नर क्लॅनच्या जोरावर निवडून आले, आणि त्याच साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात क्लॅनचं नाव घेऊन निषेध करायचा ठराव निसटत्या मतांनी पडला.

राग फक्त काळ्यांवर होता हेही अर्धवट. ओरेगॉनमध्ये काळे लोक होतेच किती? तिथे डोळ्यात सलत होते कॅथलिक. 1922 मध्ये तिथे मतदारांनी कायदा पास केला की 8 ते 16 वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं, उद्देश कॅथलिक शाळा बंद पाडायचा, आणि क्लॅन त्यामागे जोरात होती. सुप्रीम कोर्टाने 1925 मध्ये तो उडवला. ज्यू, इटलीचे, पोलंडचे लोक सगळेच यादीत होते. ह्याचा अर्थ काळ्या लोकांनी कमी सोसलं असा नाही हां. 1921 मध्ये टल्सा शहरातली ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती दोन दिवसांत जाळून टाकली, आणि त्या जमावातल्या कित्येकांना पोलिसांनीच मदतनीस म्हणून नेमलं होतं. तिथे क्लॅन खरी वाढली ती त्यानंतर.

शिकलेल्यांचा संबंध नाही म्हणणाऱ्याने मॅडिसन ग्रँटबद्दल वाचावं. येलचा पदवीधर, न्यूयॉर्कचा वकील, ब्राँक्सचं प्राणिसंग्रहालय उभं करणाऱ्यांतला एक. त्याच प्राणिसंग्रहालयात 1906 मध्ये ओटा बेंगा ह्या काँगोच्या माणसाला माकडांच्या घरात ठेवून लोकांना दाखवलं. हा ग्रँट कधी झगा घालून फिरला नाही, त्याने गोऱ्यांचा वंश श्रेष्ठ असं सांगणारी पुस्तकं लिहिली आणि खासदारांचे कान भरले. 1924 चा इमिग्रेशन कायदा झाला त्यात कोटा ठरवला 1890 च्या जनगणनेवरून, त्या साली ज्या देशाचे जेवढे लोक अमेरिकेत होते त्याच्या 2 टक्के. 1890 का, तर तेव्हा दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक फारसे आलेच नव्हते! हा हिशोब गावगुंडाच्या डोक्यातून येत नाही.

आणि आता तो आर्य वाला लाडू. 1907 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये शेकडो गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीयांना, बहुतेक शीख, मारहाण करून गावाबाहेर काढलं. तेव्हा दुसरी क्लॅन जन्मलीसुद्धा नव्हती. ह्याच पट्ट्यात पुढे आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शेतकी शिकत होते, गदर ह्या क्रांतिकारी पक्षाच्या उभारणीत होते, त्यांना हे वातावरण काही पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

मग आली भगतसिंग थिंद यांची केस. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला माणूस, नागरिकत्व मागत होता, आणि बाहेरून आलेल्यांत ते फक्त 'गोऱ्यांना' किंवा आफ्रिकी वंशाच्यांना मिळायचं. नोव्हेंबर 1922 मध्ये सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा ह्या जपानी माणसाला नाही म्हटलं, कारण गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा आणि तू तो नाहीस. थिंद म्हणाले ठीक, मग शास्त्राप्रमाणे मी आर्य, कॉकेशियन, द्या. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी 1923 मध्ये, त्याच न्यायमूर्ती सदरलँडनी लिहिलं की शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. घ्या! आणि मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते सांगू, थिंद यांच्या बाजूने असाही युक्तिवाद झाला होता की लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू हा भारतातल्या मूळ रहिवाशांकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस काळ्यांकडे. म्हणजे जातीचं सर्टिफिकेट दाखवून गोऱ्यांच्या पंगतीत बसायचा प्रयत्न, आणि तरी पान मांडलं नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा भारतीयांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णो दास बगई त्यातलेच, त्यांनी 1928 मध्ये आत्महत्या केली. हा तो मान.

राहता राहिलं पेपरने संपवली हे. 1921 मध्ये न्यूयॉर्क वर्ल्डने मालिका छापली, संसदेत सुनावणी झाली, आणि सभासद वाढले, फुकटची जाहिरात झाली ना. उतार लागला तो 1925 नंतर, इंडियानाचा सर्वेसर्वा डी. सी. स्टीफन्सन एका तरुणीच्या खुनात दोषी ठरला तेव्हा. बायकांच्या अब्रूचे रखवालदार म्हणवणारे हे. गव्हर्नर जॅक्सन माफी देईल अशी त्याला खात्री होती, ती आली नाही, मग तुरुंगातून त्याने कोणाकोणाला पैसे चारले त्याची कागदपत्रं बाहेर काढली. शिवाय आपसातली भांडणं, आणि 1924 चा कायदा तर पदरात पडलाच होता. संघटना विरत गेली. पण कोट्याची ती पद्धत 1965 पर्यंत चालू होती, आणि भारतीयांना त्यात जागा मिळाली 1946 मध्ये, वर्षाला सुमारे 100.