निवृत्तीआधी रजा संपवायला सांगणाऱ्या मेसेजचा हिशेब

सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर अधूनमधून फिरतो. त्याचा आशय असा: निवृत्तीला वर्ष उरलं की सगळी रजा टाका आणि घरी बसा. शिल्लक रजा बुडते; पैसे मिळालेच तर त्यावर कर कापतात; रजेवर असताना पगार पूर्ण मिळतो, म्हणजे तोटा शून्य; आणि रजा हा हक्क असल्यामुळे साहेब नाही म्हणू शकत नाही.

यातली एकच गोष्ट, तीही काही जणांपुरती, बरोबर आहे. ती खाली येईलच. पुढचे आकडे आणि नियमांचे क्रमांक केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधले आहेत. महाराष्ट्र शासनाचे रजा नियम १९८१ चे आहेत. तिथेही अर्जित रजेच्या (सेवेच्या काळामागे जमा होत जाणारी पगारी रजा) रोखीकरणाची, म्हणजे तिच्या बदल्यात पैसे घेण्याची, कमाल मर्यादा ३०० दिवसच आहे, पण बाकी तपशील त्या नियमांतूनच पाहावा.

«शिल्लक रजा बुडते»

बुडत नाही. नियम ३९ प्रमाणे निवृत्तीच्या दिवशी खात्यावर असलेल्या अर्जित रजेचे, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे, पैसे एकरकमी मिळतात. सूत्र सोपं आहे: निवृत्तीच्या दिवशीचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले दिवस. घरभाडे भत्ता यात धरत नाहीत.

समजा मूळ वेतन ७०,००० रुपये आणि महागाई भत्ता ५० टक्के. दोन्ही मिळून १,०५,००० रुपये, म्हणजे दिवसाला ३,५०० रुपये. ३०० दिवसांचे झाले १०,५०,००० रुपये. मेसेज मानून घरी बसणाऱ्याने सोडलेली रक्कम ही आहे.

यासाठी वेगळा अर्जही लागत नाही. रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने रोखीकरणाचा आदेश आपणहून काढायचा असतो. निवृत्तीच्या वेळी निलंबन किंवा विभागीय वा फौजदारी कारवाई चालू असेल आणि कर्मचाऱ्याकडून काही वसुली निघण्याची शक्यता असेल, तर ही रक्कम पूर्ण किंवा अंशतः रोखून ठेवता येते. कारवाई संपल्यावर वसुली वळती करून उरलेली रक्कम देतात. सेवेत असताना मृत्यू झाला तर रजेचे पैसे कुटुंबाला मिळतात.

«रजेवर पगार पूर्ण, म्हणजे तोटा शून्य»

मेसेजचा खरा घोळ इथे आहे. कामावर राहणाऱ्याला त्या ३०० दिवसांचा, म्हणजे दहा महिन्यांचा, पगार मिळतो आणि वर रजेचे साडेदहा लाख. रजेवर गेलेल्याला फक्त पगार मिळतो, आणि तोही पूर्ण नसतो. एखादा कॅलेंडर महिना पूर्ण रजेवर गेला तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ता मिळत नाही. घरभाडे भत्ता साधारणपणे रजेच्या पहिल्या १८० दिवसांपर्यंतच चालू राहतो.

वेतनवाढीचा फटका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १ जुलै किंवा १ जानेवारीची वेतनवाढ रजेच्या काळात पडली तर तिचे पैसे कामावर परत रुजू झाल्यापासून मिळतात. रजेवरूनच निवृत्त होणारा रुजू होणार कधी? म्हणून ज्याला तरीही रजेवर जायचंच आहे, त्याने निदान वेतनवाढीची तारीख कामावर असताना उलटू द्यावी.

३० जून किंवा ३१ डिसेंबरला निवृत्त होणाऱ्यांना मिळणारी काल्पनिक वेतनवाढ ही निराळी बाब. ती फक्त निवृत्तिवेतन मोजण्यापुरती असते. रजेच्या पैशांत ती धरतील, या आशेवर बजेट बांधू नये.

आता दिवसांचंही पाहू. अर्जित रजेत मधले शनिवार, रविवार आणि सुट्या मोजल्या जातात. सलग ३०० दिवसांत पाच दिवसांच्या आठवड्यानुसार ८५ च्या आसपास शनिवार-रविवारच येतात. एरवीही घरीच असतो त्या दिवसांसाठी खात्यातली रजा खर्ची पडते, दिवसाला ३,५०० रुपये दराने. रोखीकरणात मात्र तेच ३०० दिवस पूर्ण दहा महिन्यांच्या दराने मोजून मिळतात.

तब्येत, घरातलं आजारपण, थकवा अशा कारणांसाठी रजा घेणं योग्यच. पण तो दिवस आपण ३,५०० रुपये देऊन घेतो आहोत हे माहीत असावं. फुकट म्हणून घेऊ नये.

«पैसे मिळाले तरी कर कापतात»

केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या वेळी मिळणारी रजा रोखीकरणाची रक्कम आयकरातून पूर्ण माफ आहे, नव्या करप्रणालीतसुद्धा. गैरसमज बहुधा एलटीसीमुळे, म्हणजे रजा प्रवास सवलतीमुळे, होतो. ही सवलत घेताना एका वेळी १० आणि सगळ्या सेवेत ६० दिवसांपर्यंत अर्जित रजा रोखीत बदलता येते, आणि सेवेत असताना घेतलेली ती रक्कम करपात्र असते. हे ६० दिवस निवृत्तीच्या ३०० दिवसांच्या मर्यादेतून वजा होत नाहीत.

सार्वजनिक उपक्रम आणि सरकारी बँकांचे कर्मचारी मात्र करापुरते सरकारी कर्मचारी धरले जात नाहीत. त्यांना खासगी क्षेत्राचीच, शेवटी दिलेली, मर्यादा लागते.

«रजा हा हक्क आहे, नाकारता येत नाही»

नियम ७ मध्ये नेमकं उलट लिहिलं आहे. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेच्या गरजेनुसार ती नाकारता येते किंवा मंजूर झालेली रद्दही करता येते. निवृत्तीपूर्व रजेची तरतूद आहे. एरवी अर्जित रजा एका वेळी १८० दिवसांपर्यंत मिळते, निवृत्तीपूर्व रजा म्हणून ३०० दिवसांपर्यंत. पण ती मंजुरीवरच अवलंबून असते. मंजुरी गृहीत धरून परगावी घर लावणाऱ्याची पंचाईत होते.

जिथे मेसेजमध्ये तथ्य आहे

खातं ३०० ला टेकलेल्यांनी पुढचं नीट वाचावं. दर १ जानेवारी आणि १ जुलैला १५ दिवस जमा होतात. शिल्लक आधीच ३०० असेल तर हे १५ वेगळे ठेवले जातात. त्या सहामाहीत घेतलेली रजा आधी यांतून वळती होते, आणि सहामाही संपताना न वापरलेले दिवस जातात. तेव्हा सहामाहीत १५ दिवसांपर्यंत रजा खुशाल घ्यावी, तिची रोख किंमत शून्य आहे. निवृत्तीच्या सहामाहीत जमा रजा पूर्ण महिन्यामागे अडीच दिवस अशी मिळते: ३० एप्रिलला निवृत्त होणाऱ्याला १० दिवस. नैमित्तिक रजेचेही पैसे होत नाहीत, ती आधी वापरावी.

अर्धवेतनी रजेबद्दल मेसेज गप्प आहे. अर्जित रजा ३०० पेक्षा कमी असेल तर उरलेले दिवस अर्धवेतनी रजेतून, निम्म्या दराने, भरून मिळतात. वरच्याच वेतनावर २४० अर्जित आणि २०० अर्धवेतनी रजा असेल, तर २४० दिवसांचे ८,४०,००० आणि ६० अर्धवेतनी दिवसांचे, १,७५० रुपये दराने, १,०५,००० रुपये. उरलेल्या १४० अर्धवेतनी दिवसांचं काहीही मिळत नाही. म्हणून शेवटच्या दोन-तीन वर्षांत आजारपणाला अर्जित रजा टाकू नये. वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा घ्यावी. तिच्या एका दिवसाला दोन अर्धवेतनी दिवस वजा होतात आणि पगार पूर्ण मिळतो. एक अट आहे: रजा संपल्यावर कर्मचारी कामावर परत येईल अशी वाजवी शक्यता अधिकाऱ्याला दिसली पाहिजे. त्यामुळे निवृत्तीला चिकटून ती मागण्यात अर्थ नाही.

रजेचा हिशेब आताच तपासा

पैसे कमी मिळतात ते बहुधा सेवापुस्तकातल्या नोंदींमुळे. निवृत्तीच्या वर्षभर आधी आस्थापना शाखेकडून रजा लेख्याची प्रत घ्यावी आणि चार ठिकाणं पाहावीत: प्रतिनियुक्ती किंवा बदलीच्या काळातल्या सहामाही जमा सुटल्या आहेत का, न वापरलेला पदग्रहण अवधी (बदलीनंतर नव्या जागी रुजू होण्यासाठी मिळणारे दिवस) अर्जित रजेत जमा झाला आहे का, असाधारण (बिनपगारी) रजेपोटी पुढच्या सहामाहीच्या जमेतून एक दशांशापेक्षा जास्त कपात झाली आहे का, आणि एलटीसीचे १० दिवस दोनदा वजा झाले आहेत का. जन्मतारीख महिन्याची १ असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस होते, तेव्हा शेवटची जमाही त्याप्रमाणे मोजावी.

खासगी नोकरीत

इथे हिशेब वेगळा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे साठवता येणारी रजा ४५ दिवस. त्यावरची वाया जाऊ द्यायची नसेल तर १५ दिवस आधी लेखी अर्ज करावा, कारण असा अर्ज नाकारला गेला तरच ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. करमाफीची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाख झाली. ती सगळ्या नोकऱ्या मिळून आयुष्यात एकदाच आहे, म्हणून आधीच्या कंपनीत घेतलेली सूट त्यातून वजा करावी.