आरटीओची चाचणी रद्द झालेली नाही

‘आता लायसन्ससाठी आरटीओत टेस्ट नाही, ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट पुरे’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट आहे.

सूट आहे, पण ती फक्त मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत कोर्स पूर्ण करणाऱ्यांना. हा नियम १ जुलै २०२१ पासूनचा आहे. जून २०२४ मध्ये ‘नवा नियम’ म्हणून तो पसरला, तेव्हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच काही बदललेलं नसल्याचं स्पष्ट केलं होतं.

अशा केंद्राला हलक्या वाहनांसाठी किमान एक एकर जागा, सिम्युलेटर (गाडी चालवल्याचा आभास देणारं यंत्र) आणि चाचणी ट्रॅक लागतो. कोर्स २९ तासांचा, त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे. गल्लीतल्या एका गाडीच्या स्कूलला हे कुठून जमणार? (शिकवतात चांगलं, तो भाग वेगळा.)

कागद हातात आला की वरचा क्रमांक बघा. ‘फॉर्म ५ बी’ असेल तरच चाचणी माफ. नेहमीच्या स्कूलचा असतो ‘फॉर्म ५’. लायसन्स दोन्ही बाबतीत आरटीओच देतं. या मेसेजच्या भरवशावर थांबलात, तर शिकाऊ लायसन्सचे सहा महिने निघून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.