‘रशियनांना स्वतःची मुळाक्षरंही ओळीत लावता आली नाहीत’ म्हणे!

सोव्हिएत संगणकांची खिल्ली उडवणारा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: सोव्हिएत यंत्रांना रशियन येतच नव्हतं, सगळा कारभार इंग्रजीत. पुढे रशियनसाठी केओआय-8 नावाचा कोड (कोणत्या अक्षराला यंत्रात कोणता आकडा, याचा तक्ता) केला, तर त्यात अक्षरं वाटेल तशी विखुरलेली, वर कॅपिटल आणि स्मॉल यांची अदलाबदल. मग कुणाचा कुणाला मेळ नसल्याने पाच-पाच कोड झाले. शेवटी मायक्रोसॉफ्टने अक्षरं ओळीत लावून दिली आणि जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या एकाच कोडाने एका रात्रीत घोळ मिटवला.

पाच कोड झाले, हे खरं. बाकीच्याचं एकेक पाहू.

‘सोव्हिएत यंत्रांना रशियन येत नव्हतं’

अमेरिकेत आस्कीची, म्हणजे तिथल्या लॅटिन अक्षरांच्या कोडाची, पहिली आवृत्ती निघाली 1963 साली. सोव्हिएत संघात गॉस्ट 10859-64 हे सरकारी मानक (गॉस्ट म्हणजे तिथलं सरकारी मानक) आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, आणि त्यात रशियन अक्षरं होतीच. उलट काटकसर झाली ती लॅटिनची. ए, बी, सी, ई, एच, के, एम, ओ, पी, टी, एक्स आणि वाय या बारा लॅटिन अक्षरांचे आकार रशियन कॅपिटलसारखेच दिसतात. मग त्यांना वेगळा कोड कशाला? रशियन ‘एस’ छापलं की लॅटिन ‘सी’चंही काम भागतं! म्हणून उरलेली चौदा लॅटिन अक्षरंच स्वतंत्रपणे घेतली. अल्गोल या प्रोग्रामच्या भाषेत दशघातासाठी लागणारा खाली उतरवलेला छोटा ‘दहा’ मात्र आवर्जून घेतला. लहान लिपीतली अक्षरं नव्हती, पण त्या काळच्या छपाईयंत्रांना ती कुठे झेपत होती? सर्गेई लेबेदेव्ह यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या बेस्म-6 या यंत्रावर हाच कोड चालला, आणि ते यंत्र 1968 पासून जवळपास दोन दशकं बनत होतं.

संगणकांच्या आधी टेलिप्रिंटर होते. पाच छिद्रांच्या पट्टीवर 32 खुणा मावतात. आंतरराष्ट्रीय कोडात अक्षरं आणि आकडे असे दोनच संच होते. सोव्हिएत आवृत्तीत तिसरा रशियन संच आला आणि त्याच्याकडे वळायला कोरी खूण वापरली गेली. म्हणजे अक्षरं कोंबण्याची सवय या मंडळींना टेलिप्रिंटरवरही होती. (सोव्हिएत यंत्रं आपल्यालाही परकी नाहीत. पवईच्या आयआयटीत सत्तरच्या दशकात ईसी-1030 बसवलेला होता.)

‘अक्षरं वाटेल तशी विखुरली’

खरा राग आहे तो इथे. केओआय-8 मध्ये रशियन मुळाक्षरांचा क्रम नाही, हे बरोबर. पण क्रमच नाही, हे चूक. त्यातला क्रम लॅटिनचा आहे.

आस्कीत कॅपिटल ‘ए’चा आकडा 65. केओआय-8 मध्ये रशियन स्मॉल ‘अ’चा आकडा 193. फरक बरोब्बर 128, म्हणजे आठव्या बिटाची (शून्य-एकच्या आठव्या घराची) किंमत. ‘बी’च्या वर 128 अंतरावर रशियन ‘ब’, ‘डी’च्या वर ‘द’, ‘के’च्या वर ‘क’. ज्या रशियन अक्षराचा उच्चार ज्या लॅटिन अक्षराशी जुळतो, ते त्याच्या डोक्यावर बसवलंय. जुळणारं काहीच सापडलं नाही तिथे तारखात्याची जुनी सोय कामी आली: मॉर्समध्ये रशियन ‘व’ डब्ल्यूच्या खुणेने जातो, आणि ‘झ’सारखा उच्चार असलेलं अक्षर व्हीच्या खुणेने. केओआयमध्येही तेच. त्यातूनही उरलेली ‘श’, ‘च’ वगैरे मंडळी कंस आणि इतर चिन्हांच्या वर गेली.

हा उपद्व्याप कशासाठी? सत्तर-ऐंशीच्या दशकात आठवा बिट पलीकडे पोचेल याची खात्री नसायची. कुठे तो चूक पकडायला राखलेला, कुठे मधलं यंत्र तो सरळ कापून टाकायचं. इंटरनेटवरच्या टपालाचा 1982 चा नियमसुद्धा सातच बिटांची हमी देत होता. आता ‘प्रिवेत’ हा शब्द, म्हणजे रशियन नमस्कार, केओआय-8 मध्ये पाठवा आणि वाटेत आठवा बिट गमावू द्या. पलीकडे उमटतं: स्मॉल पी, मग कॅपिटल आर, आय, डब्ल्यू, ई, टी. वाचणारा क्षणभर थबकेल, पण वाचेल.

हीच कसोटी मायक्रोसॉफ्टच्या ‘ओळीत लावलेल्या’ विंडोज-1251 ला लावा. तोच शब्द, तोच बिट गेलेला. हाती येतं: ओ, पी, एच, बी, ई, आर. यातून नमस्कार शोधून दाखवावा. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीच्या 866 क्रमांकाच्या कोडात तर पहिलं अक्षर न दिसणारं नियंत्रणचिन्ह होतं, आणि मागोमाग एक तिरकं टिंब, एक कंस, अवतरणचिन्ह, टक्क्याची खूण आणि एक स्मॉल बी. तेव्हा अडाणी कोण, ते ज्याने त्याने ठरवावं.

कॅपिटल-स्मॉलच्या अदलाबदलीचाही हिशेब आहे. केओआय-8 च्या आधी सात बिटांचा केओआय-7 होता (गॉस्ट 13052-67). त्याच्या एका संचात लॅटिन कॅपिटल आपल्या जागी ठेवून, लॅटिन स्मॉल काढून टाकून, त्या जागी रशियन कॅपिटल बसवली होती. दोन्ही लिप्यांची कॅपिटल सात बिटांत, एकाच वेळी, मधे कुठलीही कळ न दाबता! रशियन कॅपिटल लॅटिन स्मॉलच्या जागी असल्याशिवाय हे जमलं नसतं. या मांडणीत शेवटच्या 127 व्या जागी कॅपिटल ‘कठोर चिन्ह’ (स्वतःचा उच्चार नसलेलं एक रशियन अक्षर) यायला हवं होतं, पण ती जागा खोडण्याच्या खुणेची. ते सोडून दिलं. रशियनमध्ये त्या चिन्हाने एकही शब्द सुरू होत नाही, त्यामुळे सगळं कॅपिटलमध्ये लिहितानाच काय ती अडचण व्हायची.

किंमत मोजावी लागलीच. आकड्यांनुसार यादी लावली तर ती रशियन क्रमाने येत नाही, त्यासाठी वेगळा तक्ता लागतो. पण तो कुणाला चुकलाय? विंडोज-1251 मध्ये ‘यो’ हे अक्षर बाकीच्या ओळीबाहेर आहे, युनिकोडमध्येही आहे. आणि आपल्या घरात बघा: मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, युनिकोडमध्ये तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे बसलाय. निव्वळ आकड्यांवर मराठी शब्दकोश लावून पाहा.

‘मेळ नव्हता म्हणून पाच कोड’

मेळ घालायचा प्रयत्न सरकारने केला होता. 1987 च्या गॉस्टने अक्षरं अगदी मुळाक्षरांच्या क्रमाने लावली, आणि तीच मांडणी पुढच्या वर्षी आयएसओ 8859-5 म्हणून आंतरराष्ट्रीय झाली. कागदावर सगळ्यांत देखणा कोड हाच. रशियात तो फारसा कुणी वापरला नाही.

कारण टेबलावर आलेली यंत्रं आयबीएम पीसीच्या जातीची होती. डॉसवरचे प्रोग्राम पडद्यावर खिडक्या-चौकटी आखायचे त्या रेघांच्या खास चिन्हांनी, आणि नव्या सरकारी कोडाने त्याच जागांवर रशियन अक्षरं बसवली होती. परदेशी प्रोग्राम सुरू केला की चौकटीऐवजी अक्षरांची रांग! मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रातल्या लोकांनी यावर ‘पर्यायी’ मांडणी सुचवली: रेघांना हात लावायचा नाही, अक्षरं त्यांच्या अलीकडे-पलीकडे तोडून बसवायची. लोकांनी ती उचलली. 866 क्रमांकाने मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये गेली ती हीच. म्हणजे डॉसच्या बाबतीत कोणी कोणाला लावून दिलं, ते या मजकुराने उलटं सांगितलंय.

युनिक्स ही दुसरी प्रणाली वापरणारे आणि ई-टपालवाले केओआय-8 वर राहिले, कारण त्यांचा मजकूर तारांवरून जायचा. 1990 साली सुरू झालेल्या रेलकॉम या सोव्हिएत संगणकजाळ्यावर तोच चालला, आणि 1993 मध्ये आंद्रेई चेर्नोव्ह यांनी केओआय8-आर इंटरनेटसाठी रीतसर नोंदवला. विंडोजला चौकटीच्या रेघा नको होत्या, म्हणून त्याने 1251 केला. प्रत्येकाची गरज खरी होती. वाचणाऱ्याचे हाल झाले, हेही खरंच. नव्वदच्या दशकात कित्येक रशियन संकेतस्थळं पहिल्याच पानावर विचारायची की तुम्हाला कोणत्या कोडात वाचायचंय.

‘मायक्रोसॉफ्टने नीट करून दिलं’

1251 मध्ये शेवटचं अक्षर ‘या’ 255 व्या जागी आहे. सी भाषेत निष्काळजीपणे लिहिलेल्या प्रोग्रामला ते उणे एक वाटतं, म्हणजे फाइल संपल्याची खूण. ‘या’ आला की वाचन थांबलं. 866 वाल्यांचं दुखणं वेगळं. फिडोनेट या फोनवरून चालणाऱ्या संदेशजाळ्यावर 141 हा आकडा गाळायचा नियम होता आणि तिथे नेमका कॅपिटल ‘न’ बसला होता. लोक त्याच्या जागी तसाच दिसणारा लॅटिन ‘एच’ टाइप करायचे. 1964 च्या गॉस्टवाल्यांनी नेमकं हेच केलं होतं!

‘युनिकोडने एका रात्रीत मिटवलं’

युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, आणि रशियन अक्षरं तिच्यात होती. तरी पुढे कित्येक वर्षं रशियन टपाल केओआय-8 मध्येच जात राहिलं. युक्रेनियन अक्षरांसाठी केओआय8-यू ची नोंद झाली ती तर 1998 साली. शिवाय युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत प्रत्येक रशियन अक्षराला एकाऐवजी दोन बाइट लागतात. फोनच्या तारेवर मोडेम कुरकुरत असताना ही दुप्पट लोकांना जाणवायची. (देवनागरीला तीन लागतात, तो वेगळा विषय.)

आणि युनिकोडने रशियन अक्षरांची मांडणी आणली कुठून? 8859-5 मध्ये कॅपिटल ‘अ’ 176 वर आहे, युनिकोडमध्ये 1040 वर. फरक 864. शेवटचा स्मॉल ‘या’ 239 वर, युनिकोडमध्ये 1103 वर. फरक पुन्हा 864. 1987 चा तो सरकारी गॉस्ट, जो कुणी वापरला नाही म्हणून हसलं जातं, तो अख्खाच्या अख्खा तिथे उचलून ठेवलाय.