फुक्सच्या आजारात अख्खा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) बदलावाच लागतो, हे खरं नाही

‘फुक्स डिस्ट्रॉफी झाली की अख्खा कॉर्निया कापून नवा शिवतात, टाके वर्षभर, आणि मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यांचे डोळे दानात चालत नाहीत’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

या आजारात बिघडतो तो कॉर्नियाचा सगळ्यांत आतला, पाणी उपसून टाकणाऱ्या पेशींचा थर. या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. कॉर्निया सुजतो, सकाळी उठल्यावर जास्त धूसर दिसतं. वरचे थर शाबूत असतील तर ते कापायचे कशाला? नेदरलँड्सच्या डॉ. गेरिट मेलेस यांनी २००६ मध्ये पहिल्यांदा केलेल्या डीमेक शस्त्रक्रियेत जेमतेम १०-१५ मायक्रॉनचा पापुद्रा बदलतात. दात्याच्या डोळ्यातून घेतलेला नवा पापुद्रा सुरळी होऊन डोळ्यात जातो, तिथे अलगद उलगडून हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात. म्हणून नंतर उताणं पडून राहायला सांगतात. ते कृपया काटेकोर पाळा. पापुद्रा थोडा सुटला तर पुन्हा हवा भरतात, तेवढ्यावरून ऑपरेशन फसलं असं समजू नका. खोलवर व्रण पडले असतील तर मात्र पूर्ण कॉर्निया लागू शकतो.

तरुण दात्याचा पापुद्रा फार घट्ट गुंडाळतो; वयस्कर दात्याचा उलट सोपा जातो. मोतीबिंदू भिंगाचा, कॉर्नियाचा नव्हे. पेशी नेत्रपेढी मोजतेच. तेव्हा आजी-आजोबांचे डोळे ‘चालणार नाहीत’ असं परस्पर ठरवू नका. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवा.