बहिरमच्या घाटात गाडी बंद पडली त्याबद्दल, डिझेल पंप वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आम्ही 18,500 रुपये घेऊन फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा) बदलला, तरी बैतूल रोडला बहिरमच्या पुढच्या घाटात गाडी बंद पडली, संत्र्याचा माल रात्रभर रस्त्यावर राहिला आणि आमचा मिस्त्री अनाडी आहे. गाडी बंद पडली हे खरं. माल खराब झाला हेही खरं. मृग बहाराचा माल मार्चच्या उन्हात ताडपत्रीखाली किती टिकतो हे मला कोणी सांगायला नको, माझ्या घरीही संत्र्याची बाग आहे. तुमचा राग मी समजतो. पण हे वाचून उद्या दुसरा गाडीवाला चुकीचा अर्थ काढेल, म्हणून झालं ते सगळं लिहितो. त्यात माझी चूकही आहे.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा ती कंपनीतून आली तशी राहिलेली नव्हती. मोठे नोझल (इंजेक्टरचं तोंड, ज्यातून डिझेल इंजिनात फवारलं जातं) बसवलेले होते, ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, प्रोग्राम बदललेला होता. हे काम बाहेरगावी झालं, आम्ही केलं नाही. मूळ इंजिन 180 हॉर्सपॉवरचं, आता 250 देतं असं तुम्हाला सांगण्यात आलं होतं. आता हिशोब बघा. 180 चं इंजिन पूर्ण ताकद लावतं तेव्हा ताशी 33-34 लिटर डिझेल जाळतं. 250 काढायचे तर 48-50 लिटर लागतं. आणि हे फक्त जळणारं डिझेल. इंजेक्टरला जोराने डिझेल देणारा हाय प्रेशर पंप थंड ठेवायला, त्याला वंगण द्यायला आणि इंजेक्टरच्या रिटर्नमधून टाकीत परत जायला वेगळं लागतं, तेही त्याच पाइपातून यायचं असतं. ताकद वाढवणाऱ्याने पुढची बाजू वाढवली. टाकीपासून पंपापर्यंतची मागची बाजू मात्र 180 च्याच मापाची राहिली.

तुमच्या गाडीत गिअरचा फीड पंप इंजिनवर आहे आणि तो टाकीतून डिझेल ओढतो. ओढणाऱ्या लाइनची गंमत अशी की तिला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली डाग दिसत नाही आणि ड्रायव्हर म्हणतो लाइन चांगली आहे. आमच्या मिस्त्रीने फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडला होता. तुमचा ड्रायव्हर बाजूलाच उभा होता. आयडलला डिझेल स्वच्छ, पिवळसर. रेस दिल्याबरोबर त्यात सोड्यासारखे बुडबुडे. ड्रायव्हरच्या तोंडचे शब्द मला आठवतात, "मालक, हे तं उकळून रायलं!" उकळत नव्हतं. सक्शनचा (डिझेल ओढणारा) रबरी पाइप आतून सोलून चपटा झाला होता, तिथे ओढ वाढत होती आणि जुन्या क्लिपच्या जोडातून हवा येत होती. आम्ही तो पाइप बदलला, क्लिपा बदलल्या, दोन्ही फिल्टर बदलले, आणि घासलेल्या फीड पंपाच्या जागी मोठा फीड पंप बसवला. बिलात एवढंच आहे.

आता माझी चूक. टाकीतला पिकअप पाइप (ज्यातून डिझेल वर ओढलं जातं) आणि त्याच्या तळाची जाळी काढून बघायची असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. त्याला टाकी रिकामी करून उतरवावी लागते, एक दिवस जातो. तुमचा माल बागेत तोडून ठेवलेला होता, तुम्ही म्हणालात आल्यावर करू. मी हो म्हटलं. तिथे मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मोठा पंप त्याच बारीक पाइपातून जास्त जोराने ओढतो, म्हणजे मी पंप वाढवून जाळीवरची ओढ आणखी वाढवली. गाडीची ट्रायल आम्ही सपाट रस्त्यावर, रिकामी घेतली. रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारं डिझेलचं प्रेशर) बरोबर आलं, पण भरलेल्या गाडीची घाटातली ट्रायल ती नव्हे.

घाटात काय झालं ते गाडी टोचन करून आणल्यावर कळलं. टाकी पावाच्या खाली होती. चढावर डिझेल मागे सरकलं आणि पिकअप अर्धा उघडा पडला. त्यात दुपारभर रिटर्नच्या गरम डिझेलने टाकी तापलेली, आणि गरम डिझेल पातळ होतं, पंपाच्या आत जास्त निसटतं. दुसऱ्या गिअरात दहा मिनिटं पूर्ण ॲक्सिलरेटर. स्कॅनरमधल्या नोंदीत ईसीएमने 1,400 बार रेल प्रेशर मागितलं होतं, मिळत होतं 900. मग गाडीने आधी ताकद कापली, नंतर बंद झाली. टाकी उतरवली तेव्हा बोटाएवढ्या जाळीवर काळा, शेवाळासारखा बुळबुळीत थर होता. टाकीत पाणी साचलं की तो धरतो. 180 ला त्यातूनही पुरत होतं, म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

मिस्त्रीबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. तो मुलगा 11 वर्षांपासून माझ्याकडे पंपाचं काम करतो. जाळी बघू असं पहिल्यांदा तोच म्हणाला होता. गाडी सोडायचा निर्णय माझा होता, बोलायचं तर मला बोला.

आता पुढचं. मजुरीचे 4,500 रुपये मी परत करतो. पार्ट गाडीत बसलेले आहेत, त्यांचे पैसे देता येणार नाहीत, आणि मालाचं नुकसान भरून द्यायची माझी ऐपत नाही, हे स्पष्ट सांगतो. टाकीचं काम बिनमजुरीने करून देतो: नवा पिकअप, 8 ऐवजी 10 मिलिमीटरची लाइन आणि टाकीजवळ इलेक्ट्रिक लिफ्ट पंप. दोनच मिलिमीटरने काय होतं असं वाटेल, पण तेवढ्याच ओढीवर जवळपास अडीच पट डिझेल वाहतं. आणि डिझेल दुरून ओढण्यापेक्षा टाकीजवळून ढकललेलं केव्हाही चांगलं, ढकललेल्या लाइनला हवा शिरत नाही.

एक विनंती आहे. मूळ नोझल तुमच्याकडे असतील तर ते आणि जुना प्रोग्राम परत टाकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत आणि अपघात झाला तर विम्याला अडचण येते. शिवाय हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच. ते कमी पडलं की पंप आतून घासतो आणि त्याचा चुरा सहाही इंजेक्टरमध्ये जातो. तुमच्या पंपात अजून चुरा दिसलेला नाही, मी स्वतः उघडून बघितलंय. म्हणून म्हणतो, आताच थांबा.

तुमची जुनी जाळी मी डब्यात ठेवली आहे, ड्रायव्हरला पाठवून बघून घ्या. गाडी सोमवार सोडून कधीही आणा, फक्त टाकी फुल करून आणू नका, उतरवायला जड जाते.