ओट्यावरचा भात आणि चमचाभर तूप

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: फ्रिज हेच आजारांचं मूळ. उरलेला भात, रस्सा ओट्यावरच झाकून ठेवा, वर चमचाभर तूप सोडा म्हणजे हवा लागत नाही. सकाळी खळखळून उकळा, जंतू मरतात. वास आला नाही तर बिनधास्त खा. आपल्या आज्या हेच करायच्या.

आधी उकळण्याचं बघू, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे. उकळल्यावर वाढीला लागलेले जिवाणू मरतात, हे खरं. पण तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू (टणक कवचात झोपलेली रूपं) असतात, ते भात शिजतानाही तगून राहतात. भात कोमट झाला की ते जागे होतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियसच्या पट्ट्यात रोगजंतूंचं फावतं आणि मे महिन्यात मुंबईचा पारा पहाटेही 27 च्या आसपास असतो. सगळं मनासारखं मिळालं तर काही जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. रात्री 11 ते सकाळी 7 म्हणजे 24 वेळा दुप्पट: एकाचे दीड कोटीच्या वर. (प्रत्यक्षात जम बसायला आधी थोडा वेळ जातो, त्यामुळे हिशोब इतका चोख नसतो. तेवढाच काय तो दिलासा.) मुख्य म्हणजे बॅसिलस सीरियस भातात वांतीचं विष सोडतो आणि ते उकळून जात नाही. सकाळी जंतू मेले तरी विष पातेल्यातच.

आता तूप. हवा तोडली की जंतू वाढत नाहीत, हे बुरशीला लागू पडतं. मटणाच्या रश्शात वाढणाऱ्या क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला तर हवा नकोच असते. त्यात मोठं पातेलं तासन्‌तास कोमट राहतं. गंमत म्हणजे तुपाचा दाखला मुंबईतच आहे. 1896 च्या प्लेगात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन इथे आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात लस करताना त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून वाढवले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली लोंबायच्या. जानेवारी 1897 मध्ये त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली.

वासाचं थोडक्यात: आंबवणारे जिवाणू वेगळे, आजारी पाडणारे बऱ्याचदा वेगळे. आजारी पाडणाऱ्यांमुळे अन्नाला वास येईलच असं नाही.

आणि आज्या? त्यांच्या टिकाऊ पदार्थांत लोणच्याला मीठ आणि आंबटपणा होता, पापड खडखडीत वाळलेला होता. जिवाणूंना पाणी मिळू द्यायचं नाही किंवा आम्ल वाढवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साधा भात यात कुठेच बसत नाही.

फ्रिजबद्दल मात्र मेसेजचं थोडं बरोबर आहे. फ्रिज जंतू मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर 4 अंशांनाही हळूहळू वाढतो. म्हणून चार दिवसांची आमटी नकोच. पण फोडणीच्या भातावर पाणी सोडायचं कारण नाही. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववा, दोन तासांच्या आत डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी फोडणीत चांगला वाफ येईपर्यंत परता.